भुंगा म्हणजे कोणता भुंगा?

हा शब्द वाचा : भुंगा.

अक्षरे दोनच. पहिल्या अक्षराच्या पायात उकार आणि डोक्यावर टिंब. दुसऱ्याला काना. मागच्या धड्यांत याहून अवघड शब्द तुम्ही वाचलेत. मग या दोन अक्षरांसाठी आम्ही अख्खा धडा का लिहिला? कारण हा शब्द वाचता आला म्हणजे अर्धंच काम झालं. उरण तालुक्यात नागाव, केगाव, चाणजे या बाजूला ज्यांच्या घरामागे माडाची वाडी आहे, त्यांचा उभा माड या एका शब्दाच्या घोळापायी जाऊ शकतो. कसा, ते पुढे सांगतो. आधी शब्दाकडे बघू.

उकार नीट वाचा. उकाराच्या जागी काना आणि मात्रा आली की शब्द होतो भोंगा. भोंगा म्हणजे गिरणीचा, कारखान्याचा. मुंबईत कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणगावातली माणसे भोंग्यावर उठत, भोंग्यावर जेवत. आता सभेतल्या कर्ण्यालाही भोंगा म्हणतात. भोंगा वाजला म्हणून गडी धावत सुटतो. भुंगा वाजला म्हणून कोणी कामावर गेल्याचे आम्ही ऐकले नाही! एका मात्रेने एवढा फरक पडतो.

आता हा शब्द आला कुठून? संस्कृतात भृंग असा शब्द आहे. लोकांच्या तोंडी घोळत घोळत त्याचा मराठीत भुंगा झाला. ओलसर बांधावर माका उगवतो, तो तुम्ही ओळखता. त्याच माक्याचे तेल दुकानातून आणा आणि बाटलीवरचे नाव वाचा. भृंगराज तेल. त्यातला भृंग आणि आपला भुंगा एकाच घरचे.

भुंग्याला दुसरे नाव भ्रमर. भ्रम म्हणजे फिरणे, घिरट्या घालणे. घिरट्या घालतो तो भ्रमर. हा शब्द पाटीवर लिहून बघा. यात र किती आहेत? एक शेवटी उघडा बसला आहे. दुसरा भ च्या पायात तिरक्या रेघेने दडलेला आहे. जुन्या पंडितांनी ही गंमत हेरली आणि भुंग्याचे आणखी एक नाव ठेवले, द्विरेफ. म्हणजे दोन र असलेला. किड्याला नाव मिळाले ते त्याच्या नावातल्या अक्षरांवरून! नव्याने अक्षरे गिरवणाऱ्याला यात मौज वाटेल, म्हणून सांगितले.

पण भ्रमर म्हणजे नेमका कोण? काळाभोर, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा, पंखांवर निळी-जांभळी झाक. जवळून गेला की मोठ्याने घूंऽऽ करतो. तो घराच्या सुक्या वाशाला किंवा वाळलेल्या बांबूला बोट जाईल एवढे गोल भोक पाडतो. खाली भुसा सांडलेला दिसतो. लोक त्याला भितात. खरं तर हा मधमाशीच्या गोतातला. नराला नांगी नसते. मादीला असते, पण छेडल्याशिवाय ती सहसा डसत नाही. शेवगा, तूर, रुई यांच्या फुलांवर हा फिरतो आणि एका फुलाची धूळ दुसऱ्या फुलाला लावतो. त्याशिवाय फळ धरत नाही. म्हणजे तुमच्या परसातल्या शेवग्याच्या शेंगांत याचाही वाटा आहे.

ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली. तिच्या पहिल्या अध्यायात या भुंग्याचा दाखला आहे. कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या पाकळीत सापडला की त्याच्याने ती पाकळी चिरवत नाही. नात्यागोत्याच्या मायेत गुंतलेल्या अर्जुनाचे मन सांगायला तो दाखला दिला आहे. तिथे लाकूड कोरडे आहे, हे ध्यानात ठेवा. हा भुंगा वाळलेल्या लाकडाचा गिऱ्हाईक. जिवंत माडाला तो हात लावत नाही.

कीर्तनातला भृंग मात्र आणखी वेगळा. बुवा सांगतात, भृंगाने अळी आणून घरात कोंडली आणि ध्यास घेऊन घेऊन ती अळीच भृंग झाली. हे घर म्हणजे भिंतीवरचे मातीचे मडके. ते बांधणारी ती कुंभारीण. कुंभारीण अळीला डंख मारून लुळी करते, मडक्यात ठेवते, आपले अंडे घालते आणि तोंड लिंपते. अंड्यातून तिचे पिल्लू निघते, ती अळी खाऊन वाढते आणि मडके फोडून बाहेर येते. आत गेली अळी, बाहेर आली कुंभारीण. पाहणाऱ्याला वाटले, एकाचे दुसरे झाले. बुवांचा दाखला भक्तीसाठी आहे, त्यात आम्ही खोट काढत नाही. पण एका शब्दाखाली दोन प्राणी झाले, एवढे मोजून ठेवा.

उरणकरांना हे नवे वाटू नये. आगर शब्द घ्या. आगर म्हणजे खाडीचे पाणी घेऊन मीठ पिकवायची जागा. आणि आगर म्हणजे माडपोफळीची बागही. उरणची पुष्कळ मिठागरे आता राहिली नाहीत. १९८९ साली न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले, त्याच्या आगेमागे रस्ते आणि गोदामे आली. पण शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. 'आगरात मीठ पडलं' म्हटले की एक समजतो, 'आगरातून नारळ आणले' म्हटले की दुसरा. शेजारचा शब्द अर्थ सांगतो. भुंग्याचेही तसेच आहे, फक्त तिथे शेजारचा शब्द आपण बोलताना गाळून टाकतो. घोळ होतो तो तिथे.

आता माडाकडे चला.

समजा, केगावची एक बाई कृषी सेवा केंद्रात गेली.

"दादा, माडाला भुंगा लागलाय. औषध द्या."

"कुठला भुंगा, ताई? गेंड्या का सोंड्या?"

"तो काय मला ठाव नाय. काळा मोठा भुंगा. घराच्या वाश्याव रोज फिरतो."

दुकानदार भला असेल तर म्हणेल, "ताई, तो वाश्यावरचा माडाचं काही करत नाही. माडावर चढून बघितलंय का कोणी?" घाईत असेल तर एक बाटली बांधून देईल. बाई पैसे मोजेल, वाश्यावरच्या भुंग्यावर औषध मारील. शेवग्याचा सोबती मरेल आणि माडातला खरा चोर आत बसून खात राहील. बाटलीवर काय लिहिले आहे हे तिला वाचता आले, तरी आपल्या घरचा भुंगा त्यातला कोणता हे ठाऊक नसेल तर वाचून उपयोग काय?

म्हणून हे दोन शब्द नीट शिका. नावातच ओळख आहे. गेंड्याला नाकावर शिंग असते. ज्याच्या डोक्यावर तसे शिंग, तो गेंड्या भुंगा. हत्तीला सोंड असते. ज्याच्या तोंडाला लांब सोंड, तो सोंड्या भुंगा.

गेंड्या काळा किंवा काळपट तपकिरी, दीड ते दोन इंच लांब, पाठ टणक. नराचे शिंग मोठे, मादीचे बारके. हा रात्री उडतो. माडाच्या शेंड्यात जे पान अजून उलगडलेले नसते, त्यात शिरतो आणि कोवळा गाभा चावून रस पितो. भोकाच्या तोंडाशी चघळलेला चोथा दिसतो. पुढे ते पान उलगडते तेव्हा ते पंख्यासारखे, कातरीने तिरपे कापल्यासारखे दिसते. असे कापलेले झाप खालून, अंगणातूनही ओळखता येतात. शेंड्यातली पोय पोखरली गेली तर नारळ कमी धरतात. लहान रोपाचा कोंबच खाल्ला गेला तर रोप मरते.

पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. गेंड्या माडावर वाढत नाही. माडावर तो जेवायला येतो. त्याचे बाळंतपण होते तुमच्या उकिरड्यात! शेणखताचा खड्डा, कुजलेला पालापाचोळा, पडून कुजत असलेला माडाचा ओंडका, अशा ठिकाणी मादी अंडी घालते. त्यातून पांढरी, जाडजूड, चंद्रकोरीसारखी वळलेली अळी निघते. ती तीन ते सहा महिने खतातच राहते. मग कोष होतो आणि त्यातून भुंगा उडून शेंड्यात जातो. म्हणजे नुकसान आभाळात दिसते आणि त्याचे मूळ पायाखाली असते. खत उपसताना ही अळी सापडली की आपण तिला भुंगा म्हणत नाही, किडा म्हणतो आणि बाजूला टाकतो. अळीच्या नावात भुंगा नाही, म्हणून दोघांचे नाते ध्यानात येत नाही. ती वेचून मारली किंवा कोंबड्यांपुढे टाकली, तर तेवढे भुंगे कमी झाले.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या बाजूच्या वाड्यांत माड आणि पोफळी आडव्या झाल्या. वादळात पडलेले ओंडके वाडीत तसेच कुजू दिले तर गेंड्याची चंगळ होते. वादळाने नेले त्यापेक्षा उरलेले तरी राखायचे, तर पडलेले झाड लवकर उचलायला हवे किंवा चिरून सरपणाला लावायला हवे.

वर शेंड्यात बसलेल्याचे काय? आकडा केलेल्या तारेने त्याला भोकातून ओढून काढतात. मग गाभ्याजवळच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत बारीक वाळू आणि निंबोळीची पेंड कालवून भरतात. लहान रोपाला डांबराच्या तीन-चार गोळ्या बेचक्यात ठेवून वर वाळू घालतात. त्या साधारण दीड महिन्याने बदलायच्या. खताच्या खड्ड्यात एक हिरवी बुरशीही मिसळतात. तिचे नाव मेटारायझियम. ती अळीला रोग लावते. नाव लांबलचक आहे, पण पुड्यावर तेच छापलेले असते. अक्षर अक्षर जोडून एकदा वाचा, मग अडणार नाही.

हा गेंड्या जगभर हिंडलेला आहे. प्रशांत महासागरात सामोआ नावाची बेटे आहेत. तिथे माडावरच लोकांचा संसार. १९०९ साली सिलोनहून रबराची रोपे गेली, त्यांच्या मुळांच्या मातीतून हा भुंगा तिथे पोचला आणि त्याने माडांची दाणादाण उडवली. पुढे १९६३ साली मलायात या भुंग्याला होणारा एक रोग सापडला, तो बेटांवर सोडला गेला आणि भुंगा बराच आटोक्यात आला. कुठली रोपे, कुठले माड! परगावाहून रोप आणताना मुळाची माती चाळून बघा, असे जाणती माणसे म्हणतात ते उगाच नाही.

आता सोंड्या. हा तांबूस, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा. लांबी सव्वा-दीड इंच. गेंड्या चोर असेल तर हा दरोडेखोर. गेंड्याचे नुकसान वरून दिसते. सोंड्याचे दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. पाच ते वीस वर्षांच्या भरातल्या माडावर याचा डोळा. माडाला कुठे जखम असली, कोयत्याचा घाव बसला, गेंड्याने भोक पाडले, की त्या वासावर सोंड्याची मादी येते आणि तिथे अंडी घालते. गेंड्या दार उघडून देतो, सोंड्या आत शिरतो. अळ्या खोडाच्या आत पोखरत जातात. बाहेरून माड हिरवा. मग एखाद्या भोकातून तांबडा-तपकिरी चिकट रस गळतो, चावलेला भुगा बाहेर येतो. खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज ऐकू येतो. आणि एके दिवशी शेंडा मान टाकतो.

माडावर सोप्या पायऱ्या पडाव्यात म्हणून खोडाला खाचा पाडायची काही ठिकाणी रीत आहे. ती सोंड्याला आमंत्रण देणारी आहे, असे आम्हांला स्पष्ट म्हणावेसे वाटते. हिरवा झाप तोडायचाच असेल तर खोडाला लागून तोडू नये. चार फुटांचा देठ राखून तोडावा, म्हणजे अळी देठातून खोडापर्यंत पोचत नाही. जखम झालीच तर तिच्यावर डांबर फासावे. शिवाय सोंड्यासाठी बादलीचा कामगंध सापळा मिळतो. त्यात वासाची पुडी असते, त्या वासाला भुंगे येतात आणि पाण्यात पडतात. पण गेंड्याची पुडी वेगळी, सोंड्याची वेगळी. एकाची पुडी लावून दुसऱ्याची वाट बघणे म्हणजे करंजाच्या बोटीची तिकिटे काढून मोऱ्याच्या धक्क्यावर उभे राहण्यासारखे आहे. पुडीवरचे नाव वाचूनच घ्या.

दुकानात जाल तेव्हा नुसते 'भुंगा लागलाय' म्हणू नका. 'झाप कातरल्यासारखे झालेत' म्हणा किंवा 'खोडातून तांबडा रस येतोय' म्हणा. जे दिसले ते सांगा. सापडला तर भुंगाच डबीत घालून न्या.

आणखी काही मंडळी राहिली. शास्त्राच्या पुस्तकांत गेंड्या-सोंड्याच्या जातभाईंना भुंगेरे म्हणतात. त्यांचे वरचे दोन पंख ढालीसारखे कडक असतात, म्हणून ढालपंखी असेही नाव आहे. जगात त्यांच्या सुमारे चार लाख जाती नोंदल्या गेल्या आहेत. भातावर पडणारे निळे भुंगेरे त्यातलेच. तांदळाच्या डब्यातले सोंडे त्यातलेच, त्यांनाही बारकी सोंड असते, बघा. चमकणारा काजवासुद्धा त्यातलाच! आणि ठिपक्यांचा लाल ढालकिडा हा तर शेतकऱ्याचा मित्र. तो पिकावरचा मावा खातो. तेव्हा भुंगेरा दिसला की चप्पल काढायची, असे करू नका. उलट, वाश्यावरचा भ्रमर ज्याला आपण पहिला भुंगा म्हणतो, तो भुंगेऱ्यांच्या जातीत बसतच नाही.

इंग्रजीतही असाच एक घोळ आहे. भुंगेऱ्याला इंग्रजीत बीटल म्हणतात आणि कपडे धोपटायच्या मोगरीला, जमीन चोपायच्या चोपण्यालाही बीटलच म्हणतात. पण ते मुळात दोन वेगळे शब्द. किड्याचा बीटल चावण्यावरून आला आणि मोगरीचा बीटल बडवण्यावरून. कालांतराने दोघांचा उच्चार एक झाला. जर्मनीतल्या एका गोल पाठीच्या मोटारीलाही लोकांनी बीटल म्हणायला सुरुवात केली, ती तिच्या आकारामुळे. आपल्याकडे उलटे झाले. शब्द एकच, प्राणी अनेक.

आणि जो भुंगा दिसतच नाही, तोही राहिला. कर्जाचा हप्ता थकला की माणूस म्हणतो, डोक्यात भुंगा लागलाय. पोरगा बापाच्या मागे भुंगा लावतो. इथे किडा नाही. इथे आहे ती न थांबणारी भुणभुण. हा अर्थ पहिल्या, घूं करणाऱ्या भुंग्यावरून आला असावा, असे आम्हांला वाटते. पोखरण्यावरून आला म्हणणारेही भेटतील. चिंता दोन्ही करते.

आता खालची वाक्ये मोठ्याने वाचा आणि प्रत्येकात कोणता भुंगा आहे ते सांगा.

भुंगा शेवग्याच्या फुलावरून उडाला.

वाडीतल्या तीन माडांचे झाप भुंग्याने कातरले.

धाकट्याने नव्या सायकलसाठी सकाळपासून भुंगा लावला आहे.

खोडातून तांबडा रस गळतो, आत भुंगा आहे.

आठ वाजले, भोंगा झाला. (इथे फसू नका.)

शेवटी एक अर्ज देतो. तो वहीत उतरवून घ्या. गावाचे नाव आणि झाडांचा आकडा आपापला घाला.

मा. तालुका कृषी अधिकारी, उरण, यांस,

आमच्या केगावच्या वाडीत १२ माड आहेत. त्यांपैकी ४ माडांचे नवे झाप पंख्यासारखे कातरलेले उलगडले आहेत. खताच्या खड्ड्यात पांढऱ्या वळलेल्या अळ्या सापडल्या आहेत. हा गेंड्या भुंगा असावा. एका माडाच्या खोडातून तांबडा रसही येतो, तो सोंड्या असेल असे वाटते. तरी कोणी येऊन पाहून जावे. आम्ही दुपारी २ नंतर घरी असतो.